ओढा विरुद्ध लाँड्री

बेलिफ लाँड्रीच्या दारात उभा राहून ओरडला, "दोन नोटिसा आहेत! एक तुमची, एक ओढ्याची!"

"कुणाची?" हातातली चादर खाली न ठेवता इस्त्रीबाईने विचारलं.

"ओढ्याची! तुमच्या मागच्या!"

"मग मागे जाऊन त्याला द्या की!"

"त्याचा पत्ता हाच लिहिलाय! घरातल्या सज्ञान माणसाने सही करून घ्यायची!"

घरातलं सज्ञान माणूस म्हणून इस्त्रीबाईने दोन सह्या केल्या. ओढ्याच्या पाण्यात तिने आजवर डोंगरभर चादरी धुतल्या होत्या, पण त्याच्या वतीने सही करायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

हे ओरडणं म्हणजे भांडण नव्हतं. त्या लाँड्रीत सगळे असंच बोलायचे. चार धुलाईची मशीनं, एक पिळणारं यंत्र आणि मागच्या खोलीतला बॉयलर ही मंडळी पहाटे जागी व्हायची, आणि त्यांची शेवटची खेप संपायच्या आत इस्त्रीबाई वर जाऊन घोरायला लागलेली असायची. आठवड्याचे सातही दिवस हेच. राहतं घर लाँड्रीच्या बरोबर डोक्यावर. तिथल्या मांडणीवरची भांडी हादऱ्याने सरकत सरकत कडेला यायची, आणि सकाळी उठून त्यांना मागे ढकलणं हे दात घासण्याइतकंच ठरलेलं काम होतं.

तिला सगळे इस्त्रीबाई म्हणायचे ते ती इस्त्री करते म्हणून नव्हे. इस्त्रीला तिच्याकडे दोन बाया होत्या. पण तिने एकदा रोखून पाहिलं की समोरच्या माणसाच्या सगळ्या घड्या सरळ होतात, अशी तिची ख्याती होती. तिच्या आईने ओढ्याकाठी एक सपाट दगड आणि दोन टब यांवर सुरू केलेला धंदा तिने हॉस्पिटलच्या चादरींपर्यंत आणून ठेवला होता. हे काही नजर खाली घालून होत नाही.

तिच्या नवऱ्याने जन्म वाचनालयात काढला. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून पुस्तकं द्यायची आणि घ्यायची. लोक त्याला शांतताराखे म्हणत, जणू आडनावच. इतकी वर्षं कुजबुजून बोलल्यावर माणसाचा आवाज जो खाली जातो तो पुन्हा वर येत नाही. निवृत्त होऊन तो लाँड्रीच्या डोक्यावर येऊन बसला तेव्हा त्याचं बोलणं आणि माशाचं बोलणं सारखंच झालं. इस्त्रीबाई पायऱ्या चढून वर आली आणि त्याचे ओठ हलताना दिसले की ती ओरडून म्हणायची, "हो, ठेवते!" आणि चहा ठेवायची. दिवसाकाठी त्याला सात-आठ कप तरी मिळत. तो ते मुकाट्याने प्यायचा. "माणूस सोन्यासारखा आहे हो," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "पण मुखदुर्बळ. चहाशिवाय दुसरं काही मागितलं नाही कधी."

तर अशा बाईने नोटीस उघडली. अर्जदार, ओढा. वय अज्ञात, परंतु कायद्याने अज्ञान, सबब पालकामार्फत. विरुद्ध पक्ष, लाँड्री. मागणी अशी की उन्हाळ्यात लाँड्रीचा पाण्याचा पाईप सील करावा, कारण ती पाणी उपसते तेव्हा पुलाच्या खाली ओढ्यात दगडांखेरीज काही उरत नाही. खाली पालकाची सही. ती सही इस्त्रीबाईने पहिल्यांदा लग्नाच्या कागदावर पाहिली होती.

ती दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर गेली.

"हे काय आहे?"

शांतताराखेचे ओठ हलले.

"चहा नाही मिळायचा आज!" ती कडाडली, आणि त्याचं मनगट धरून त्याला खाली, मशीनांमधून, थेट समोरच्या फुटपाथवर घेऊन आली. तिथे निदान तो ओरडला तर ऐकू येण्याजोगं होतं. तो ओरडला नाहीच. पण अगदी कान लावल्यावर तिला एवढं कळलं की त्याने मंगळवारीच सांगितलं होतं, आणि ती "हो, ठेवते" म्हणाली होती.

त्याचं असं झालं होतं. नवा कायदा आला होता. वाहतं पाणी ही यापुढे वस्तू नव्हे, व्यक्ती. तिलाही जगायचा हक्क. आधी ज्याने पाणी वापरलं त्याचा हक्क आधी, हा जुना नियम मोडीत निघाला. आधी स्वतः ओढ्याचा वाटा, मग इतरांचा. पण ओढा काही कोर्टात येऊन बोलणार नाही, म्हणून प्रत्येक ओढ्याला एक पालक. पालक नेमायला सभा भरली, तेव्हा अध्यक्षांनी तीन अटी वाचून दाखवल्या. पालकाला लिहिता-वाचता यावं, इथपर्यंत बरेच हात वर होते. त्याला ओढ्यापासून कसलाही लाभ नसावा, इथे काही खाली आले. आणि त्याने कायदा संपूर्ण वाचलेला असावा, इथे एकच हात उरला. शांतताराखेने तो परिशिष्टांसकट वाचला होता. वाचनालयाला आलेली कुठलीही छापील गोष्ट तो वाचायचाच, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा.

मग सभेच्या कारकुनाने ओढ्याचा पत्ता विचारला. शांतताराखेने प्रामाणिकपणे सांगितलं, की टेकडीमागे उगम आहे आणि चार वस्त्यांपलीकडे तो नदीला मिळतो. "एवढं मावत नाही," कारकून म्हणाला. "कागदपत्रं कुठे पाठवायची ते सांगा." शांतताराखेने घरचा पत्ता दिला.

"आणि लाभ नाही म्हणून शपथ घेतलीत?" इस्त्रीबाईने फुटपाथवर कंबरेवर हात ठेवून विचारलं. "लाँड्री माझ्या नावावर आहे, कबूल. पण तुमच्या अंगावरचा शर्ट कुठल्या पाण्याने धुतला?"

शांतताराखेने शर्टाकडे पाहिलं. चेहरा गंभीर झाला. हा मुद्दा त्याच्या लक्षात यायला हवा होता, असं तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने आपले कपडे वरच्या मोरीत नळाच्या पाण्याने, स्वतःच्या हातांनी धुवायला सुरुवात केली. त्याला पिळता येत नव्हतं. सज्जात दोरीवर ते शर्ट फाशी गेल्यासारखे लोंबायचे, आणि त्यांचं पाणी बरोबर खाली 'स्वच्छतेची परंपरा' या लाँड्रीच्या पाटीवर ठिबकायचं. गिऱ्हाइकं येताना वर बघायची आणि आत आल्यावर काही बोलायची नाहीत. इस्त्रीबाईला नोटिशीपेक्षा हे जास्त झोंबलं.

पण झोंबणं वेगळं आणि पोटावर पाय येणं वेगळं. उन्हाळा आहे म्हणून हॉस्पिटलच्या चादरी मळायच्या थांबत नाहीत. पाईप सील झाला तर हॉस्पिटल पंधरा दिवस थांबेल, मग दुसरीकडे जाईल, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. लाँड्री बंद पडणार होती. आईचा दगड, स्वतःचं आयुष्य आणि कामावरच्या पाच बाया, सगळं त्या एका पाईपवर लटकत होतं, आणि पाईपचं तोंड दाबायला घरचाच माणूस उठला होता. राग तर तिला आलाच, पण त्याखाली एक भीती होती, आणि ती तिने कुणाला दाखवली नाही.

ती पर्यावरणाच्या कचेरीत गेली. तिचं म्हणणं साधं होतं. एवढं पाणी लागतं ते तिच्या हौसेने नव्हे, सरकारच्याच आज्ञेने. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या कार्बन कक्षाने तिचा कोळशाचा बॉयलर काढायला लावला होता. वीज वापरा आणि तीही कमी, म्हणजे पाणी कोमट ठेवा, असा हुकूम. तिने तो पाळला. विजेचा हिशेब धरूनही कागदावर धूर निम्म्यावर आला, कक्षाने हिरव्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं, ते तिने दर्शनी भिंतीवर लावलं. पण कोमट पाण्यात साबण लवकर सुटत नाही. तो काढायला चादर जास्त वेळा खळखळून काढावी लागते. धूर वाचला तेवढं पाणी वाढलं.

"हे तुम्ही तळमजल्यावर जाऊन जल कक्षाला सांगा," ती तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबाला म्हणाली.

"पाणी आमच्याकडे येत नाही," साहेब म्हणाला.

तळमजल्यावरच्या साहेबिणीने सगळं नीट ऐकून घेतलं. "धूर आमच्याकडे येत नाही," ती म्हणाली.

"तुम्ही एकमेकांना भेटत नाही का कधी? जिना तर एकच आहे!"

"आमच्या वेळा वेगळ्या आहेत," साहेबीण जरा दुखावून म्हणाली.

म्हणजे वरच्या मजल्याने ज्यासाठी पाठ थोपटली त्याच्याचसाठी खालच्या मजल्याने कान धरला होता. इस्त्रीबाईने दोन्ही मजल्यांवर एकेकदा रोखून पाहिलं. पण सरकारी घड्या त्या, अशा सरळ होत नाहीत.

आता राहिलं कोर्ट. तिथे मात्र आधीच एक अशी गोष्ट घडली होती की जी फक्त त्याच कोर्टात घडू शकत होती. तिथला दाखल कारकून अर्ज वाचत नसे. वाचत बसलो तर दाखल कधी करू, असं त्याचं म्हणणं. तो फक्त दोन पत्ते बघायचा. वादी आणि प्रतिवादी वेगळ्या पत्त्यांवर असले तर दिवाणी, एकाच पत्त्यावर असले तर कौटुंबिक. एका छपराखाली राहून जे भांडतात ते कुटुंबच, हा त्याचा अनुभव होता आणि तो आजवर एकदाही चुकला नव्हता. ओढ्याचा पत्ता आणि लाँड्रीचा पत्ता एकच निघाला. कारकुनाने शिक्का मारला आणि कागद कौटुंबिक कोर्टाच्या टोपलीत टाकला. आणि कौटुंबिक कोर्टाचा नियम असा की न्यायाधीशापुढे जायच्या आधी समुपदेशक बाईंपुढे बसायचं आणि समेटाचा प्रयत्न करायचा.

समुपदेशक बाईंच्या खोलीत जाड गालिचा होता आणि दाराला खालून रबराची पट्टी होती. बाहेरचा आवाज आत येत नव्हता आणि आतलं रडणं बाहेर जात नव्हतं. टेबलावर कागदी रुमालांची पेटी. बाई उंच, थकलेल्या, आणि कशानेही चकित न होणाऱ्या. या कामात येणाऱ्याला ते शिकावंच लागतं.

"तर," त्या कागद बघून म्हणाल्या, "ओढा कोण?"

"ओढ्याच्या वतीने मी," शांतताराखे म्हणाला.

इस्त्रीबाई दचकली. खोली इतकी शांत होती की नवऱ्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. पद मिळालं की माणसाला कशी वाचा फुटते बघा, असं तिच्या मनात आलं.

"हे तुम्ही यांना लाडाने म्हणता का?" बाईंनी तिला विचारलं.

"मी यांना लाडाने काहीही म्हणत नाही!"

"हळू बोला ताई. इथे सगळं ऐकू येतं."

मग शांतताराखेने कायदा समजावून सांगितला, कलमांसकट. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. प्रकरण चुकून आपल्याकडे आलंय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण परत पाठवायचं तर कारकुनाची चूक लेखी दाखवावी लागणार, आणि तो गृहस्थ बाईंच्याच पत्त्यावरचा, म्हणजे त्यांचा सख्खा दीर होता.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात दोन भाऊ आणि मधली भिंत यांचा समेट केलाय मी. ओढा निदान हलतो तरी. चला, पहिली पायरी. समोरच्याबद्दल तीन चांगल्या गोष्टी सांगा. ताई, तुम्ही आधी."

"ओढ्याबद्दल?"

"ओढ्याबद्दल."

इस्त्रीबाईला वाटलं हसावं. पण विचारल्यावर उत्तर द्यायची सवय. "गार आहे," ती म्हणाली. "हलका आहे. नळाच्या पाण्यात साबण फुटत नाही, याच्यात लगेच फेस येतो. आणि..." ती जरा थांबली. "आणि कधी एक दिवस खाडा केला नाही त्याने. मी आजारी पडले, आई गेली, तरी आपला येतोच आहे."

"छान. आता ओढा."

शांतताराखेने बोटं मोजायला घेतली. "पहाटे सगळ्यात आधी तिच्याकडे दिवा लागतो," तो म्हणाला. "त्या उजेडाने ओढ्याला बरं वाटतं. दुसरं, तिने कुणाचं धुणं कधी परत पाठवलं नाही, कितीही डाग असोत. आणि तिसरं, चादरी झटकताना ती गाणं म्हणते."

"मी?" इस्त्रीबाई ओरडली. मग हळू म्हणाली, "मी गाते हे ओढ्याला कसं कळलं? मशीनं चालू असतात."

"मागच्या खिडकीतून ओठ हलताना दिसतात."

ती गात नव्हती. गेली कित्येक वर्षं चादरी झटकताना ती पोटभर शिव्या द्यायची, हॉस्पिटलच्या मुकादमाला, विजेच्या बिलाला, तिसऱ्या मजल्याला, आणि सगळ्यात जास्त वर बसून पुस्तक वाचणाऱ्या आपल्या नवऱ्याला. मशीनांच्या आवाजात हे सुख फुकट होतं. पण आता हे कसं सांगणार?

"दुसरी पायरी," बाई म्हणाल्या. "आरोप करायचे नाहीत. 'मला असं वाटतं' म्हणून सांगायचं. ओढा?"

"मला दमल्यासारखं वाटतं," शांतताराखे म्हणाला. "उन्हाळ्यात पुलापर्यंत पोचतो तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं. आणि मला वाटतं, पूर्वी माझ्याकडे माणूस यायचं. दगडावर बसायचं, हात घालायचं, बोलायचं. आता नुसता पाईप येतो."

"पूर्वी मी यायचे," इस्त्रीबाई म्हणाली. "आईबरोबर."

"मग काय झालं?"

"पंप बसवला."

बाईंनी रुमालांची पेटी टेबलाच्या मध्यावर सरकवली. कुणी घेतला नाही. पण इस्त्रीबाईने नाकाजवळ पदरासारखं ॲप्रनचं टोक नेलं हे खरं.

मग देवाणघेवाण सुरू झाली, आणि तिथे इस्त्रीबाई पुन्हा इस्त्रीबाई झाली. ओढ्याला उन्हाळ्यात निम्मं पाणी हवं होतं. ती म्हणाली, शक्य नाही. ओढा म्हणाला, मग सील. ती म्हणाली, सील केलात तर रात्री जेवायला त्या जल कक्षात जा. बाई म्हणाल्या, आरोप नको. मग इस्त्रीबाईला आईचे टब आठवले. आई शेवटच्या खळखळीचं पाणी कधी फेकायची नाही. ते जवळजवळ स्वच्छच असायचं, त्यात पुढच्या धुण्याचा पहिला मळ काढायची. मशीनं आल्यावर ते राहून गेलं, कारण मशीनाला सांडायचं एकच भोक असतं. एक टाकी आणि दोन नळ्या लावल्या तर तेच करता येईल.

"कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात हेच आहे," शांतताराखे आनंदाने म्हणाला.

"माझ्या आईने ते वाचलं नव्हतं हो," इस्त्रीबाई म्हणाली. "पण बरं झालं, तिच्याशी जुळलं. टाकी बसवते. अजून काय हवंय तुमच्या ओढ्याला?"

"आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्या दिवशी पंप नाही, मशीन नाही, काही नाही."

इस्त्रीबाईच्या अंगावर काटा आला. एक दिवस! तिने आयुष्यात एक अख्खा दिवस कधी बंद ठेवला नव्हता. बंद ठेवून करायचं काय, हाच प्रश्न होता. पण समोर पाहिलं तर नवरा तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्यात पालकपण फारसं नव्हतं. ती म्हणाली, "देते."

बाईंनी लिहून घेतलं. मग सवयीने, शेवटचं म्हणून, शांतताराखेला विचारलं, "हे ओढ्याचं झालं. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

शांतताराखेने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. ओढ्याच्या वतीने घडाघडा बोलणाऱ्या माणसाची स्वतःच्या पाळीला बोबडी वळली.

"मला," तो म्हणाला, "तारीख हवी."

पुढे न्यायाधीशांसमोर कागद गेला तेव्हा त्यांनी 'ओढा विरुद्ध लाँड्री' असं दोनदा मोठ्याने वाचलं. हे इथे कसं आलं, असं त्यांनी विचारलं. कारकून म्हणाला, पत्ता एक आहे साहेब. साहेबांना राग आला, पण पाण्याच्या खऱ्या कोर्टात अशी प्रकरणं सुतळीने बांधून गच्चीवर ठेवतात हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी समेटाची कलमं वाचली.

"हे अज्ञानाच्या हिताचं आहे का?" त्यांनी पालकाला विचारलं.

"अज्ञान खूश आहे साहेब," शांतताराखे इतक्या हळू म्हणाला की ते इस्त्रीबाईला सगळ्या कोर्टासाठी ओरडून सांगावं लागलं. साहेबांनी सही केली. आणि त्यांच्या उभ्या कारकिर्दीत दोन्ही पक्ष एकाच छत्रीतून परत गेलेलं हे पहिलं प्रकरण होतं. तिसऱ्या मजल्याने मात्र पुढे पत्र पाठवलं, की आठवड्यातून एक दिवस आपला धूर शून्यावर येतो, याचा खुलासा करावा.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी इस्त्रीबाई नेहमीसारखी पहाटे उठली आणि तिला वाटलं, आपण बहिऱ्या झालो. तिने टाळी वाजवून पाहिली. ती ऐकू आली. मांडणीवरची भांडी जिथल्या तिथे होती. ती त्यांना ढकलायला गेली आणि हात तसाच घेऊन परत आली. नवरा घरात नव्हता. कपाट आवरलं, आवरलेलं परत आवरलं. मग थर्मासमध्ये चहा भरला आणि मागच्या पायऱ्यांनी ओढ्यावर गेली.

शांतताराखे आईच्या सपाट दगडावर बसला होता, अंगात तोच चुरगळलेला शर्ट. ती शेजारी बसली. पाणी बारीक आवाज करत चाललं होतं. इतकी वर्षं ती त्याच्या उशाशी राहत होती आणि त्याला आवाज आहे हे विसरून गेली होती.

"बोला!" ती ओरडली. समोरच्या झाडातले पक्षी उडाले. ती ओशाळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तारीख लागलीय. बोला तुमचं."

"मी रोजच बोलत होतो गं," शांतताराखे म्हणाला.

"कधी?"

"तू वर यायचीस तेव्हा."

इस्त्रीबाईच्या हातातला थर्मास तसाच राहिला. "काय बोलत होतात?"

"पुष्कळ. नवीन पुस्तक आलं की त्याचं. गुडघ्याचं. एकदा तू निळा झगा घातला होतास, त्याचं दोन-तीन दिवस बोललो. आणि रोज म्हणशील तर..." तो घुटमळला. "रोज म्हणायचो, चहा नको. मला चहा आवडत नाही."

दिवसाला सात-आठ कप. आणि इतकी वर्षं. इस्त्रीबाईला हिशेब करवेना. "मग प्यायलात कशाला?"

"तू सगळी कामं टाकून पायऱ्या चढून यायचीस. तेवढीच भेट व्हायची."

सोन्यासारखा माणूस म्हणून ती जगाला सांगत होती, पण त्या माणसाचं एक वाक्य तिने धड ऐकून घेतलं नव्हतं. काहीतरी करायला हवं म्हणून तिने थर्मासचं झाकण उघडलं आणि तो पाण्यावर उलटा करायला हात लांब केला.

"ए!" शांतताराखे गरजला. "ओढ्यात नाही!"

पुलावरून जाणारी दोन माणसं थबकून खाली बघू लागली. पक्षी पुन्हा उडाले. शांतताराखे स्वतःच्याच आवाजाने घाबरून तोंडावर हात धरून बसला. इस्त्रीबाई आधी चाट पडली आणि मग अशी हसत सुटली की डोळ्यांतलं पाणी नक्की कशाचं ते तिचं तिलाही कळेना. ओढ्यात टाकता येईना म्हणून सगळा चहा तिलाच प्यावा लागला. तो भलताच कडू होता.

"मला एक विचारायचंय," शांतताराखे म्हणाला. "पुष्कळ दिवसांपासून. तू चादरी झटकताना गाणं कुठलं म्हणतेस?"

इस्त्रीबाईने कप खाली ठेवला. खरं सांगावं, असं तिला वाटलं. आज खरं बोलण्याचाच दिवस होता, आणि त्याने तर चहाचं सांगूनही टाकलं होतं. ती त्याच्याकडे वळली. तो मान जरा पुढे काढून, एक कान तिच्याकडे करून बसला होता. खिडकीत उभा राहून तो इतकी वर्षं जे ऐकू येत नव्हतं ते ऐकत आला होता, आणि आज पहिल्यांदाच मशीनं बंद होती.

धुणं आपटताना आई एक गाणं म्हणायची. त्याच्या दोन ओळी तिला येत होत्या, तिसरी अर्धवट. तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली. ओरडून ओरडून घट्टे पडलेला आवाज तो. कोरड्या पंपासारखा आधी नुसताच खरखरला, मग थोडं लागलं, मग पुन्हा सुटलं. पक्षी या वेळी उडाले नाहीत, पण आले म्हणावं तर तेही नाही.

अर्ध्या तिसऱ्या ओळीवर ती थांबली. "कसं आहे?"

शांतताराखे पाण्याकडे बघत राहिला. "ओढ्याची काही हरकत नाही," तो म्हणाला.

"ओढ्याचं राहू दे. तुमचं काय?"

तो ऐटीत दगडावर सरळ बसला.

"माझं म्हणणं आहे," आयुष्यभर शांतता राखलेला तो माणूस म्हणाला, "जरा मोठ्याने म्हण."